स्टॉक गाडी, रीमॅप केलेली गाडी आणि विम्याचा खरा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या दोन सख्ख्या भावांकडे एकाच वर्षी घेतलेल्या दोन फोक्सवॅगन व्हर्टुस जीटी आहेत, दोन्ही 1.5 टीएसआय. थोरल्याची गाडी शोरूममधून आली तशीच, म्हणजे स्टॉक, आहे. धाकट्याच्या गाडीत स्टेज वन रीमॅप (इंजिनच्या संगणकातली फाइल बदलून ताकद वाढवण्याची पहिली पायरी), 18 इंची अलॉय, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग्ज, बाहेरचा एक्झॉस्ट आणि अ‍ॅम्प्लिफायरसकट म्युझिक सिस्टीम आहे. नव्या गाडीबरोबर आलेला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा संपलाय. धाकटा विचारतो, "माझा विमा दादापेक्षा किती महाग पडायला हवा? ऑनलाइन दोघांना जवळपास सारखाच आकडा येतोय. मग मुद्दाम काही सांगायची गरज आहे का? आणि काही झालंच तर स्टॉक फाइल परत टाकता येते ना?"

मी वीसेक वर्षं मोटार क्लेमचे सर्व्हे करतोय. गॅरेजमध्ये जाऊन तुटलेली गाडी बघायची, इस्टिमेटवर लाल पेन चालवायचं आणि कंपनीला रिपोर्ट द्यायचा हे माझं काम. त्यामुळे तुम्हाला स्क्रीनवर दिसणारा आकडा मी उलट्या बाजूने बघतो. आपल्याकडे मॉडिफाइड गाडीचा जादा खर्च प्रीमियममध्ये फारसा दिसत नाही. तो क्लेमच्या दिवशी दिसतो, आणि तोही एकरकमी.

आधी प्रीमियम कसा बनतो ते पाहू, म्हणजे दोघांना सारखा आकडा का आला ते कळेल.

पॉलिसीचे दोन भाग. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. याचे दर सरकार ठरवतं, कंपनीला त्यात हात घालता येत नाही. 1 जून 2022 पासून लागू झालेले खासगी मोटारीचे वार्षिक दर असे: 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसी 3,416 रुपये, त्यावर 7,897 रुपये. बघा, इथे हिशोब फक्त सीसीचा आहे, ताकदीचा कुठे उल्लेखच नाही. तुमचं इंजिन 1498 सीसीचं, म्हणजे दोन सीसींनी मधल्या गटात वाचलं. त्याच व्हर्टुसचं 999 सीसीचं टर्बो इंजिन 115 पीएस (हे ताकदीचं माप) देतं आणि थर्ड पार्टीपुरतं आल्टोच्या रांगेत बसतं. ऑक्टाव्हिया आरएस घेतली असती, तर 1984 सीसीमुळे थेट 7,897. रीमॅपने सीसी बदलत नाही, म्हणून 150 पीएसचे 180 झाले तरी हा आकडा जागचा हलत नाही.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे ओडी, तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी. जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधील असलेल्या दरपत्रकाप्रमाणे, पुणे-मुंबईसारख्या ए झोनमधल्या, पाच वर्षांच्या आतल्या, 1000 ते 1500 सीसी गाडीला आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या चालू किमतीच्या, 3.283 टक्के दर होता. 2007 पासून हे दर मोकळे झाले. आज बहुतेक कंपन्या तो जुना दर कागदावर ठेवून त्यावर घसघशीत सूट देतात. सूट किती, ते गाडीचं मॉडेल, त्या मॉडेलचा क्लेमचा इतिहास, शहर आणि पार्ट्सची किंमत यावर ठरतं. जर्मन टर्बो पेट्रोलला मारुतीइतकी सूट क्वचितच मिळते. म्हणजे परफॉर्मन्स गाडीचं महागपण इथे आधीच घुसलेलं आहे, पण ते मॉडेलचं आहे. तुम्ही वैयक्तिक काय केलंय ते यात कुठेच मोजलेलं नाही.

आता दादाचा आकडा मांडू. आयडीव्ही 11 लाख समजा आणि सूट 70 टक्के धरा. 3.283 टक्क्यांनी 36,113 रुपये, सूट जाऊन 10,834. तीन वर्षं क्लेम नाही म्हणून एनसीबी (क्लेम न केल्याची सूट) 35 टक्के, उरले 7,042. त्यात थर्ड पार्टीचे 3,416, आणि 18 टक्के जीएसटी. एकूण साधारण 12,340 रुपये. झिरो डेप (म्हणजे पार्टवर घसारा कापत नाहीत), इंजिन प्रोटेक्ट वगैरे अ‍ॅड-ऑन आणि मालक-चालकाचा अपघात विमा वेगळा.

आता तुमचा. विम्याच्या भाषेत तुमच्या वस्तूंचे तीन ढीग होतात आणि तिन्हींचा न्याय वेगळा.

पहिला ढीग म्युझिक सिस्टीमचा. ही इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी, हिला किमतीच्या 4 टक्के. 60,000 ची असेल तर 2,400. दुसरा ढीग चाकांचा. नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून त्यांची किंमत आयडीव्हीत मिळवतात आणि गाडीचाच दर लावतात. टायरसकट 1,20,000 धरले तर सूट जाऊन 1,182. दोन्हींवर एनसीबी वजा आणि जीएसटी अधिक केला की होतात सुमारे 2,750 रुपये. म्हणजे 1,80,000 च्या वस्तू जाहीर करून विम्यात घेण्याची किंमत वर्षाला पावणेतीन हजार. वस्तू जुन्या असतील तर त्यांची किंमत घसारा लावून धरतात, मग आणखी कमी.

माझ्या अनुभवात दहातले आठ जण हे पावणेतीन हजार वाचवतात. शनिवारी रात्री हॉटेलात दोघांचं बिल जेवढं होतं, तेवढे.

तिसरा ढीग म्हणजे रीमॅप, स्प्रिंग्ज आणि एक्झॉस्ट. यासाठी सामान्य कंपन्यांकडे दरच नाही. कुठल्याही तक्त्यात "स्टेज वन: इतके टक्के जादा" अशी ओळ सापडणार नाही. गाडी मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा बदललेली आहे का, हा प्रश्न मात्र प्रपोजल फॉर्ममध्ये असतो. ऑनलाइन पॉलिसी घेताना तो बारीक अक्षरात "मी जाहीर करतो की" या ओळीखाली दडलेला असतो आणि तुम्ही टिक करून पुढे जाता. एजंटकडून घेतली तर तो तुमच्या वतीने "नाही" लिहितो. सही तुमची असते.

खरं उत्तर दिलंत तर काय होतं? काही कंपन्या इन्स्पेक्शन मागतात. काही लेखी कळवतात की या बदलांमुळे किंवा बदललेल्या भागांचं नुकसान झालं तर आम्ही देणार नाही. काही सरळ आरसी पुढे करतात आणि विचारतात, आरटीओची नोंद कुठे आहे? आणि इथे तुम्ही अडकता.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थाने लावलं. निर्मात्याचं मूळ स्पेसिफिकेशन बदलता येणार नाही, असा त्याचा गाभा. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182ए आलं. परवानगी नसलेल्या दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मंजूर सीएनजी किट, अपंग व्यक्तीसाठी केलेला बदल, त्याच जातीचं बदली इंजिन अशा गोष्टींना वाट आहे, पण ती आरटीओतून जाते. आवाज करणाऱ्या एक्झॉस्टला प्रदूषण आणि ध्वनीचं कलम 190 वेगळं आहे, पहिल्याच वेळी दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पुण्यात पोलीस बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडत होते ते आठवत असेल. मोटारवाल्यांना तेव्हा मजा वाटली होती.

वकील इथे वाद घालतात. कायद्यात "बदल" म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार की ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. मग संगणकातली फाइल बदलणं म्हणजे रचना बदलणं का? वाद चांगला आहे, पण तो तुम्हाला ग्राहक आयोगात उभं राहून घालावा लागेल, आणि गाडी तोवर गॅरेजच्या शेडमध्ये धूळ खाईल.

म्हणून "किती महाग पडायला हवा" याचं प्रामाणिक उत्तर असं: चाकं आणि म्युझिकचे मिळून 2,750 रुपये जादा, आणि रीमॅपचा भाव बाजारात नाही.

हे जगभर असंच आहे असं समजू नका. माझ्या साडूंचा मुलगा इंग्लंडात लेस्टरला असतो. तिथे कोटेशन मागतानाच मॉडिफिकेशनची यादी विचारतात, अलॉयपासून रीमॅपपर्यंत, आणि प्रत्येक टिकनंतर आकडा हलतो. नेहमीच्या कंपनीने नाही म्हटलं तर मॉडिफाइड गाड्यांचाच विमा करणाऱ्या स्पेशालिस्ट कंपन्या आहेत. त्या बदललेल्या पार्टला तसाच पार्ट देतात किंवा गाडीची किंमत आधीच ठरवून घेतात. तिथला 2012 चा ग्राहक विमा कायदाही नेमका आहे. निष्काळजीपणे माहिती द्यायची राहिली, आणि खरी माहिती दिली असती तर कंपनीने जास्त प्रीमियम घेऊन विमा केलाच असता, तर क्लेम त्या प्रमाणात कापायचा. समजा 1,000 पौंड भरले आणि 1,600 भरायला हवे होते, तर क्लेमचे साडेबासष्ट टक्के मिळतात. जाणूनबुजून लपवलं असेल तर मात्र पॉलिसीच रद्द आणि प्रीमियमही गेला. म्हणजे तिथला स्टॉक-मॉडिफाइड फरक आकड्यात सांगता येतो. पुण्यात तोच प्रश्न विचारला की माझ्यासारख्याला कायदा आणि गॅरेज दोन्ही समजावून सांगावं लागतं.

आता क्लेमचा दिवस. समजा ताम्हिणीत पावसात गाडी घसरली आणि डावीकडून कठड्याला घासली. बंपर, हेडलॅम्प, फेंडर, पुढचं चाक, लोअर आर्म, स्ट्रट. दोन्ही भावांच्या बाबतीत नुकसान तेच.

दादाच्या गाडीचा हिशोब कंटाळवाणा असतो आणि तसाच असावा. झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिक आणि रबरावर 50 टक्के घसारा, काचेवर शून्य, पत्र्यावर वयाप्रमाणे. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात 1,000 रुपये. टायरचे जास्तीत जास्त निम्मे पैसे, आणि तेही गाडीला इतर नुकसान झालं असेल तरच. कॅशलेस असेल तर आठ-दहा दिवसांत गाडी बाहेर. पुढच्या वर्षी एनसीबी 35 वरून शून्यावर.

तुमच्या गाडीजवळ आलो की मी आधी चाक बघतो. 18 इंची चाक पॉलिसीत जाहीर नाही. कंपनीचा 16 इंची मूळ अलॉय विम्यात आहे, पण तो गाडीवर नव्हता, मग तुटलाही नाही. मी अशा वेळी मूळ चाकाच्या किमतीपर्यंत द्यावं अशी शिफारस लिहितो. कंपनी मानेलच असं नाही. मग मी खाली वाकतो. स्प्रिंग लाल किंवा निळी दिसली की इस्टिमेटच्या कागदावर प्रश्नचिन्ह येतं, कारण आता मला लिहायचं असतं की घसरण्याचं कारण काय. गाडी खाली बसवल्याने, रुंद टायरमुळे पाण्यावर तरंगल्याने, की वळण चुकल्याने? मूळ कारणात तुमच्या बदलाचा वाटा आहे असं माझं मत झालं, तर रिपोर्ट तसा जातो. वाटा नाही असं वाटलं तरी "वाहन मूळ स्थितीत नाही" ही ओळ मला लिहावीच लागते. ती टाळली तर माझं लायसन्स जाईल.

पुढे काय होतं ते कंपनीवर आणि तुमच्या चिकाटीवर. 2008 आणि 2010 च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अटीचा भंग झाला म्हणून अख्खा क्लेम झिडकारू नये, नॉन-स्टँडर्ड पद्धतीने 75 टक्क्यांपर्यंत द्यावा. ती प्रकरणं गाडीच्या वापराच्या अटीबद्दलची होती, मॉडिफिकेशनची नव्हेत, पण वाटाघाटीत त्यांचा उपयोग होतो. सिग्नलला उभे असताना मागून टेम्पोने ठोकलं, तर रीमॅपचा संबंध काय, असं ठणकावून विचारता येतं. कंपनी ऐकत नसेल तर विमा लोकपाल आहे. पुण्यात कार्यालय आहे, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे वाद चालतात, कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षात जावं लागतं. पण रीमॅप लपवून घेतलेली पॉलिसी घेऊन लोकपालापुढे बसणं म्हणजे पहिल्याच प्रश्नाला मान खाली घालणं.

दोन ठिकाणी काहीच मिळत नाही, कुणाकडूनही नाही. एक, यांत्रिक बिघाड. रीमॅपनंतर क्लच घसरला, टर्बो गेला, पिस्टन फुटला, हे ओडीत बसतच नाही, स्टॉक गाडीतही नाही. ते वॉरंटीचं काम, आणि रीमॅप दिसल्यावर निर्माता वॉरंटीतून हात झटकतो. म्हणजे इथे दोन्ही खांदे मोकळे. मी पाहिलेल्या रीमॅप गाड्यांत मालकाच्या खिशाला सगळ्यात मोठं भोक याच दारातून पडलं, अपघातातून नव्हे. दुसरं, रेस. पॉलिसीवर स्वच्छ छापलेलं असतं: आयोजित शर्यत, वेग चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल वगळून. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसला गेलात तर त्या वेळेपुरती तुमची गाडी विम्याविना आहे. थर्ड पार्टीतही शर्यत आणि वेग चाचणी हा कंपनीचा कायदेशीर बचाव आहे, आणि महत्त्वाची माहिती लपवून पॉलिसी घेतली हाही.

हे शेवटचं वाक्य जपून वाचा. आपण बोलतोय बंपरबद्दल, पण घातक आकडा थर्ड पार्टीचा असतो. कमावता माणूस गेला तर मोटार अपघात न्यायाधिकरणाची भरपाई सहज अर्धा-पाऊण कोटीच्या घरात जाते. पुष्कळदा कोर्ट कंपनीला पीडिताला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. रीमॅपच्या मुद्द्यावर असं सर्रास होतं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्याविरुद्ध वापरायला कागद कंपनीच्या हातात तुम्हीच दिलेला असतो.

सीएनजीवाल्यांना एक वाक्य, कारण ते स्वतःला मॉडिफाइड समजतच नाहीत. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढवा आणि पॉलिसीत लिहून घ्या. किटच्या किमतीवर 4 टक्के आणि थर्ड पार्टीचे 60 रुपये, एवढाच खर्च आहे. नाकारलेले क्लेम मी सर्वांत जास्त यातच पाहिलेत, आगीचे विशेषतः.

मग तुम्ही काय करावं? रिन्यूअल ऑनलाइन दोन मिनिटांत उरकू नका. चाकं आणि म्युझिक बिलांसह जाहीर करा, पॉलिसीच्या पहिल्या पानावर अ‍ॅक्सेसरीच्या रकान्यात रक्कम छापून आली का ते बघा. शून्य दिसलं तर फोन नको, ईमेल करा. स्प्रिंग्ज उतरवा, पुण्याच्या स्पीडब्रेकरना त्या तशाही सोसत नाहीत. एक्झॉस्ट मूळ लावा. रीमॅपबद्दल कंपनीला लेखी विचारा, उत्तर काय येतं ते जपून ठेवा. "नाही" आलं तर निदान तुम्हाला कळेल की तुम्ही काय जोखीम घेऊन फिरताय. ताकद हवीच असेल तर 1984 सीसीची स्टॉक गाडी घ्या. थर्ड पार्टीचे साडेचार हजार जास्त जातील आणि ओडी आयडीव्हीप्रमाणे वाढेल, पण ते सगळे पीएस निर्मात्याच्या कागदावर असतील. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालवत असाल तर पे अ‍ॅज यू ड्राइव्हचं अ‍ॅड-ऑन बघा, 2022 पासून त्याला परवानगी आहे. त्याचं भावंड, पे हाऊ यू ड्राइव्ह, तुम्ही घेऊ नका. त्यातलं यंत्र तुमचा उजवा पाय मोजतं.

आता शेवटचा प्रश्न, अपघातानंतर स्टॉक फाइल परत टाकण्याचा. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, किती वेळा फ्लॅश झालं (त्यात नवी फाइल टाकली गेली) याची नोंद बऱ्याच गाड्यांत राहते आणि अधिकृत वर्कशॉपचा स्कॅनर ती वाचतो. पण खरं सांगायचं तर मला स्कॅनर क्वचितच लागतो. काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका गॅरेजमध्ये अशीच एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक बघायला गेलो होतो. रात्री अपघात, सकाळी कंपनीला इंटिमेशन, दुपारी चारला माझा सर्व्हे. गाडीचं पोट चिखलाने लडबडलेलं, सायलेन्सरवर वाळलेला गाळ, आणि चारही कोपऱ्यांत कंपनीच्या कोऱ्या करकरीत स्प्रिंग्ज, एकीवर तर पार्ट नंबरचं कागदी लेबल तसंच. मालक शेजारी उभा राहून सांगत होता, साहेब, गाडी पहिल्यापासून स्टॉकच आहे. मी लेबलचा फोटो काढला आणि त्याला विचारलं, जुन्या कुठे ठेवल्यास? त्याने गॅरेजवाल्याकडे पाहिलं, गॅरेजवाल्याने जमिनीकडे.